वेग कुणाचा, खोळंबा कुणाचा?

जलद गाडीला हिरवा झेंडा दाखविण्याचा समारंभ आपल्या देशात ज्या थाटामाटाने होतो, तसा थाट एखाद्या पॅसेंजर गाडीच्या वाट्याला आल्याचे कुणाच्या ऐकिवात नाही. फलाटावर मंडप, इंजिनाला झेंडूच्या माळा, वाजंत्री, पुढाऱ्यांची भाषणे आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत मोठमोठी छायाचित्रे, असा तो सोहळा असतो. नव्या गाडीला वाट करून देण्यासाठी त्याच मार्गावरील कुठल्याशा लहान स्थानकात एखादी साधी गाडी बाजूच्या रुळावर उभी करून ठेवावी लागते. तिच्यात रोजंदारीवर निघालेले मजूर असतात, बाजारला माळवे घेऊन निघालेल्या बाया असतात, कॉलेजात जाणारी मुले असतात, पाळी गाठण्यासाठी घड्याळाकडे पाहणारी एखादी परिचारिका असते. समारंभातील भाषणांत या मंडळींचा उल्लेख नसतो. जलद गाडीमुळे किती वेळ वाचला हे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. तो वेळ कुणाच्या पदरातून काढून घेतला, हे मात्र कुणी सांगत नाही. हा न सांगितलेला हिशेब मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. जलद गाड्या नसाव्यात असे आमचे म्हणणे नाही. जालन्याच्या रुग्णाला मुंबईचे मोठे रुग्णालय गाठायचे असेल, व्यापाऱ्याला मालाचा सौदा करायचा असेल, तर त्याने गावोगावी थांबणाऱ्या गाडीत दिवस घालवावा, असा आग्रह कोण धरील? आमचे म्हणणे इतकेच आहे की, जलद गाडीसाठी स्वतंत्र रूळ हवा. तो नसेल तर तिचा वेग ही लहान स्थानकावरच्या प्रवाशाकडून, त्याला न विचारता, घेतलेली उसनवारी असते. आणि ही उसनवारी आजवर कधी फेडली गेलेली नाही.

जालना जिल्ह्याइतके या गोष्टीचे बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण. मनमाडहून निघून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड असा हैदराबादेकडे जाणारा लोहमार्ग १९०० सालाच्या सुमारास निजामाच्या राज्यात तयार झाला. तो मीटरगेज होता आणि एकेरी होता. पुढे नव्वद वर्षे तो तसाच राहिला. 'जालना, सोने का पालना' असे ज्या गावाविषयी म्हटले जाई, त्या गावचे धान्य, कापूस आणि सरकी मनमाडला एका मापाच्या डब्यातून उतरवून दुसऱ्या मापाच्या डब्यात भरावी लागे. ब्रॉडगेजसाठी मराठवाड्याने मोर्चे काढले, ठराव केले, सत्याग्रह केले. मराठवाडा जनता विकास परिषदेच्या मागण्यांत आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या वडीलधाऱ्यांच्या भाषणांत ही मागणी वर्षानुवर्षे होती. अखेर नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात हा मार्ग ब्रॉडगेज झाला. तो दिवस आनंदाचा होता यात शंका नाही. परंतु रुळांमधले अंतर वाढले, रुळांची संख्या वाढली नाही. मार्ग रुंद झाला, पण एकेरीच राहिला.

त्यानंतरच्या तीस वर्षांत या एकाच रुळावर काय काय चढविले गेले ते पाहावे. लांब पल्ल्याच्या एक्सप्रेस गाड्या आल्या, साप्ताहिक गाड्या आल्या, सणासुदीच्या विशेष गाड्या आल्या, पोलाद, सिमेंट, खते आणि धान्य वाहणाऱ्या मालगाड्या वाढल्या. मुंबई-औरंगाबाद जनशताब्दी पुढे जालन्यापर्यंत आली आणि २०२४ साली हिंगोलीपर्यंत गेली. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना-मुंबई वंदे भारत गाडीला पंतप्रधानांनी हिरवा झेंडा दाखविला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तीच गाडी नांदेडपासून सुटू लागली. प्रत्येक वेळी झेंडे फडकले. प्रत्येक वेळी कोणत्या शहराची गाडी कोणत्या शहराने पळविली यावर वाद झाला. जालनेकरांनी हिंगोलीकडे बोट दाखविले, मग नांदेडकडे दाखविले. ज्या रुळावर ही सारी वऱ्हाडे एकामागून एक चालली आहेत, तो रूळ एकच आहे, याविषयी मात्र फारच थोडे बोलले गेले. गाडी कुठून सुटते यावर आपण भांडलो. ती कशावरून धावते हे पाहिले नाही.

या वंदे भारत गाडीचेच गणित मांडून पाहू. ती ताशी १६० किलोमीटर धावण्याच्या क्षमतेची आहे. जालना ते मुंबई हे अंतर सुमारे ४३६ किलोमीटर. गाडी सुरू झाली तेव्हा पहाटे पाचच्या सुमारास जालना सोडून ती दुपारी बाराच्या आत मुंबईत पोहोचत असे. सरासरी काढली तर ताशी ६४ किलोमीटरच्या आसपास येते. घोडा शर्यतीचा, पण रस्ता पांदीचा! जो मार्ग या गाडीला तिच्या क्षमतेच्या निम्मा वेगही देऊ शकत नाही, त्या मार्गाने तिला हा वेग तरी कुठून दिला? मुख्यतः इतर गाड्यांना थांबवून.

एकेरी मार्गाची ही अडचण ज्यांनी अनुभवली आहे त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही, परंतु वसई-मुंबईकडच्या वाचकांसाठी ती थोडक्यात सांगतो. एकेरी मार्गावर, सर्वसाधारण नियमाने, दोन स्थानकांमधल्या पट्ट्यात एका वेळी एकच गाडी असू शकते. समोरासमोर येणाऱ्या गाड्यांपैकी एकीला स्थानकात बाजूच्या रुळावर घेतले जाते. यालाच आपण 'क्रॉसिंग' म्हणतो. मागून जलद गाडी येत असेल तरीही हेच करावे लागते. समजा, स्थानके दहा-दहा किलोमीटरवर आहेत. ताशी ९० किलोमीटरने येणारी एक्सप्रेस हा पट्टा सुमारे सात मिनिटांत पार करते. ती मागचे स्थानक ओलांडण्यापूर्वी पॅसेंजर बाजूच्या रुळावर गेली पाहिजे, आणि ती पुढचे स्थानक ओलांडून जाईपर्यंत पॅसेंजर हलू शकत नाही. म्हणजे सात अधिक सात, शिवाय सांधे बदलण्याचा आणि सिग्नल मिळण्याचा वेळ. एका एक्सप्रेसमागे पंधरा मिनिटे सहज जातात. तिच्या पाठोपाठ समोरून दुसरी येणार असेल तर अर्धा तास. त्यात जलद गाडीलाच उशीर झालेला असला, तर तिच्या उशिराची शिक्षाही पॅसेंजरनेच भोगायची.

बदनापूर, रांजणी, पारडगाव, परतूर या स्थानकांच्या परिसरातील माणसासाठी पंधरा मिनिटांचा अर्थ काय, हे शहरात बसून वेळापत्रक आखणाऱ्याच्या सहजी ध्यानात येत नाही. जालना ते छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हे अंतर लोहमार्गाने अवघे ६३ किलोमीटर आहे. एका बाजूला जालन्याचे पोलादाचे कारखाने, बियाण्यांचा व्यापार आणि मोंढा. दुसऱ्या बाजूला चिकलठाणा आणि शेंद्रा येथील औद्योगिक वसाहती, मोठी रुग्णालये आणि विद्यापीठ. या दोन शहरांमध्ये रोज ये-जा करणारा माणूस मुंबईच्या उपनगरी प्रवाशाहून वेगळा नाही; त्याला लोकल गाडी नाही, एवढाच फरक. कारखान्याच्या दारावर दहा मिनिटे उशीर झाला तर अर्ध्या दिवसाची मजुरी जाते. परीक्षेला उशीर झाला तर वर्ष जाते. ज्याचा भरवसा नाही त्या गाडीने माणूस एकदा जातो, दोनदा जातो, तिसऱ्यांदा तो खचाखच भरलेली जीप शोधतो किंवा कर्ज काढून मोटारसायकल घेतो. मग रेल्वेचे अधिकारी तिकीटविक्रीचे आकडे पुढे करून म्हणतात, 'लहान स्थानकांवर प्रवासीच नाहीत, थांबा द्यायचा कुणासाठी?' आधी विहिरीचा दोर कापायचा आणि मग पाण्याला कुणी येत नाही म्हणून विहीर बुजवायची, असा हा न्याय आहे.

वेगाच्या नावाखाली चालणारा आणखी एक प्रकार असा की, गाडी तीच राहते आणि फक्त पाटी बदलते. २०२० साली करोनाच्या साथीत देशभरातील प्रवासी गाड्या थांबल्या. त्याच वर्षी दोनशे किलोमीटरहून अधिक अंतर जाणाऱ्या शेकडो पॅसेंजर गाड्यांचे एक्सप्रेसमध्ये रूपांतर करण्याचे रेल्वे मंडळाने ठरविले. अनेक लहान थांबे गळाले. ज्या साध्या गाड्या पुन्हा सुरू झाल्या, त्यांतील किमान भाडे दहा रुपयांवरून तीस रुपये झाले, कारण त्यांना 'विशेष' असे नाव देऊन एक्सप्रेसचे भाडे लावण्यात आले. गाडीत विशेष काय होते? डबे तेच, बाके तीच, खोळंबाही तोच. फेब्रुवारी २०२४ मध्ये जुने भाडे परत आले, म्हणजे साथ ओसरल्यानंतरही बराच काळ गरीब प्रवाशाने त्याच प्रवासासाठी तिप्पट पैसे मोजले. 'नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा' अशी म्हण आहे. येथे सोनुबाईच्या नावाचे पैसे वेगळे वसूल झाले.

'सुपरफास्ट' या बिरुदाचीही तीच कथा. जी गाडी दोन्ही दिशांना सरासरी ताशी ५५ किलोमीटर वेग राखते ती सुपरफास्ट, आणि तिच्या तिकिटावर वेगळा अधिभार. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१७ साली संसदेपुढे आलेल्या अहवालात दाखवून दिले की, उत्तर मध्य आणि दक्षिण मध्य या दोन रेल्वे विभागांनी २०१३-१४ ते २०१५-१६ या काळात अशा गाड्यांच्या प्रवाशांकडून अकरा कोटींहून अधिक रुपये अधिभार म्हणून घेतले, की ज्या गाड्यांनी अनेक दिवशी तो वेग गाठलाच नव्हता. जालना स्थानक याच दक्षिण मध्य रेल्वेत येते, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. म्हणजे जलद गाडीसाठी साध्या गाडीचा प्रवासी वेळ देतो, जलद गाडीचा प्रवासी जादा पैसे देतो, आणि वेग दोघांच्याही हाती लागत नाही.

आता मुंबईकडे वळू, कारण वसईपासून मराठवाड्यापर्यंत पसरलेल्या आपल्या वाचककुटुंबांपैकी निम्म्यांचा तरी दिवस 'फास्ट' आणि 'स्लो' या दोन शब्दांवर चालतो. मुंबईची फास्ट लोकल हे जलद गाडीचे यशस्वी उदाहरण आहे, हे आम्हांला मान्य आहे. पण ते यशस्वी का झाले? तिला स्वतंत्र रूळ मिळाले म्हणून. पश्चिम रेल्वेवर बोरिवलीपर्यंत चार रूळ होते, तेव्हा बोरिवलीच्या पुढे दोनच होते. भाईंदर, नायगाव, वसई, नालासोपारा, विरार येथील माणसे, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या त्या दोन रुळांवर एकमेकांची वाट अडवीत असत. ज्यांनी त्या काळात वसईहून चर्चगेटला नोकरी केली, त्यांना बोरिवलीच्या बाहेर सिग्नलला उभी राहिलेली गाडी आठवत असेल. बोरिवली-विरार चौपदरीकरण २००७ साली पूर्ण झाले, आणि मगच त्या पट्ट्यात फास्ट गाडीला स्वतःची वाट मिळाली. वसईकरांना जे चार रुळांनी दिले, ते नव्या रंगाच्या गाडीने दिले नसते.

आणि चार रूळ असूनही जेथे थांब्यांचा विचार झाला नाही, तेथे काय झाले? मध्य रेल्वेवरील दिवा हे स्थानक पाहावे. दिव्याची वस्ती झपाट्याने वाढली, परंतु फास्ट गाड्या तिच्या डोळ्यांदेखत धडधडत निघून जात. २ जानेवारी २०१५ रोजी एका बिघाडामुळे गाड्या खोळंबल्या आणि दिव्यात प्रवाशांचा संताप उफाळला. लोक रुळांवर उतरले, दगडफेक झाली, वाहने जाळण्यात आली. त्या हिंसेचे समर्थन कुणीही विचारी माणूस करणार नाही. पण फास्ट गाड्यांना दिव्यात थांबा मिळाला तो डिसेंबर २०१६ मध्ये, म्हणजे या उद्रेकानंतर, ही वस्तुस्थिती राज्यकर्त्यांना शोभा देणारी नाही. जी मागणी अर्जांनी आणि शिष्टमंडळांनी मान्य व्हायला हवी होती, तिच्यासाठी दगड पडावे लागतात, असा धडा आपण लोकांना का द्यावा?

ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा आणि बदलापूर येथे प्रवाशांनी वातानुकूलित लोकलला विरोध केला, तेव्हा काही सुखवस्तू मंडळींनी त्यांना प्रगतीचे शत्रू ठरविले. वस्तुतः त्यांचे भांडण गार हवेशी नव्हते. गर्दीच्या वेळची साधी लोकल काढून तिच्या जागी महागडी गाडी घातली गेली, म्हणून ते रस्त्यावर आले. तिकीट न परवडणारा माणूस पुढच्या साध्या लोकलच्या दाराला लोंबकळणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. त्या नव्या फेऱ्या रेल्वेला मागे घ्याव्या लागल्या. गर्दीच्या वेळी रुळावरची प्रत्येक जागा मोजकी असते. एका गाडीला ती दिली म्हणजे दुसरीची काढून घेतली. जालन्याच्या एकेरी मार्गावर आणि कळव्याच्या गजबजलेल्या मार्गावर हा नियम सारखाच लागू पडतो.

परदेशांतही याहून वेगळा अनुभव नाही. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे २७ ऑक्टोबर १९०४ रोजी सुरू झाली, तेव्हाच तिच्या मुख्य भागात चार रूळ टाकले होते. दोन प्रत्येक स्थानकावर थांबणाऱ्या गाड्यांसाठी आणि दोन जलद गाड्यांसाठी. शंभर वर्षांहून अधिक काळ त्या शहराला जलद गाडी परवडली ती या दूरदृष्टीमुळे. त्याच शहरात ज्या मार्गावर जादा रूळ नव्हता, तेथे १९८९ साली एकाआड एक स्थानके सोडत गाड्या चालविण्याचा प्रयोग झाला. वाचणारी मिनिटे थोडी, आणि सोडलेल्या स्थानकांवरची प्रतीक्षा मोठी, असा अनुभव आला व २००५ साली तो प्रयोग बंद झाला. शिकागो शहराने अशीच पद्धत १९९५ साली सोडून दिली. कोरियातील सोल शहराने २००९ साली सुरू केलेल्या नवव्या मार्गावर दोन रुळांवरच जलद गाड्या चालविल्या. त्यासाठी काही स्थानकांवर बाजूचे रूळ ठेवले. जलद गाडी लोकप्रिय झाली खरी, पण इतकी की तिच्यात श्वास घेणे मुश्कील झाले, आणि साधी गाडी स्थानकात उभी राहून तिला वाट देत राहिली. जेथे दर तीन मिनिटांनी गाडी धावते, तेथे एक स्थानक सोडले की सुमारे एक मिनिट वाचते. तीन स्थानके सोडली की जलद गाडी पुढच्या साध्या गाडीच्या पाठीशी येऊन ठेपते. तेथून पुढे एक तर तिने रखडायचे, नाहीतर आधीपासूनच तिच्यापुढची एखादी फेरी रद्द करून जागा मोकळी ठेवायची. यात तिसरा मार्ग म्हणजे तिसरा रूळ, आणि तो पैसे खर्चून टाकावा लागतो.

आमच्या या विवेचनावर काही आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, लहान स्थानकावरच्या माणसाने एस.टी.ने जावे. एस.टी. ही ग्रामीण महाराष्ट्राची रक्तवाहिनी आहे याबद्दल दुमत नाही, आणि मार्च २०२३ पासून महिलांना तिच्यात निम्म्या भाड्याची सवलत मिळाल्याने कित्येक घरांना आधारही झाला आहे. पण रूळ ज्यांच्या शेतांच्या बांधाला लागून गेला, ज्यांच्या वाडवडिलांच्या जमिनींतून हा मार्ग काढला, त्यांनाच 'तुम्ही दुसरीकडून जा' असे सांगणे कितपत न्याय्य आहे? शिवाय परीक्षेच्या, बाजाराच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा आठ-दहा डब्यांच्या एका साध्या गाडीचे मोल कळते.

दुसरा आक्षेप असा की, प्रत्येक गावी गाडी थांबवीत बसलो तर एक्सप्रेसची बैलगाडी होईल. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच आम्ही वंदे भारत गाडीला पारडगावात थांबा मागत नाही. आमची मागणी पारडगावात थांबणारी गाडी वेळेवर चालावी, ही आहे. जलद गाडीला प्रत्येक ठिकाणी थांबविणे जितके वेडेपणाचे, तितकेच जलद गाडीसाठी साध्या गाडीला प्रत्येक ठिकाणी अडविणे अन्यायाचे.

तिसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. जलद गाडीत हजार माणसे असतील आणि साध्या गाडीत दोनशे, तर हजारांसाठी दोनशेंनी थांबू नये काय? थांबावे. परंतु हा हिशेब खरोखर कुणी मांडतो काय? समजा, साध्या गाडीत पाचशे माणसे पंधरा मिनिटे ताटकळली; ती एकूण एकशे पंचवीस तास झाली. त्या बदल्यात जलद गाडीच्या प्रवाशांचे किती तास वाचले? कधी उत्तर जलद गाडीच्या बाजूने येईल, कधी येणार नाही. आज मात्र गणित न सोडविताच उत्तर ठरलेले असते. ज्याचे तिकीट महाग त्याची गाडी पुढे. स्वातंत्र्यानंतर आपण रेल्वेतला तिसरा वर्ग कागदावरून काढून टाकला. तो आता वेळापत्रकात येऊन बसला आहे.

मग करावे काय? 'आधी लगीन कोंढाण्याचे' हे तानाजीचे बोल आपण मुलांना शिकवितो. येथे कोंढाणा म्हणजे दुसरा रूळ. परभणी-मुदखेड हा सुमारे ८१ किलोमीटरचा पट्टा २०२० साली दुहेरी झाला. मनमाड-मुंबई मार्ग तर कधीचाच दुहेरी आहे. मधला मनमाड ते परभणी हा पट्टा तेवढा अडकून राहिला, आणि जालना नेमके त्याच्या मध्यावर आहे. मनमाडजवळच्या अंकाईपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंतच्या दुहेरीकरणाला मंजुरी मिळाली. ३१ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने छत्रपती संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणालाही मंजुरी दिली. त्याचा खर्च २,१७९ कोटी रुपये धरला आहे. ही बातमी कोणत्याही वंदे भारतपेक्षा मोठी होती. पण तिला वाजंत्री लाभली नाही, कारण दुहेरीकरणाच्या कामाला माळ घालता येत नाही. २०२१ ते २०२४ या काळात रेल्वे राज्यमंत्रिपद जालन्याच्याच खासदारांकडे, म्हणजे रावसाहेब दानवे यांच्याकडे होते. जिल्ह्याला नव्या गाड्या मिळाल्या त्याचे श्रेय त्यांना जरूर द्यावे. पण जालन्यातून जाणारा दुसरा रूळ त्या काळात मंजूर झाला असता, तर ते श्रेय शतपटीने वाढले असते. मंजुरी म्हणजे काम नव्हे, हे मराठवाड्याने ब्रॉडगेजच्या वेळी पुरेपूर अनुभवले आहे. म्हणून या दुहेरीकरणाच्या प्रत्येक टप्प्याची मुदत जाहीर झाली पाहिजे आणि दर सहा महिन्यांनी किती किलोमीटर काम झाले ते लोकांना सांगितले पाहिजे.

तोपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. सकाळी कामावर जाण्याच्या आणि संध्याकाळी परतण्याच्या दोन-दोन तासांत परतूर ते छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात साध्या गाडीचा हक्क पहिला मानावा. त्या वेळात मालगाडीने थांबावे, आणि वेळ चुकवून आलेल्या एक्सप्रेसनेही थांबावे. उशीर ज्याचा, खोळंबा त्याचा. या दोन शहरांदरम्यान लोकलसारखी ये-जा करणारी मेमू गाडी गर्दीच्या वेळी चालवावी. मार्गाचे विद्युतीकरण झालेले असल्यामुळे आता डिझेलची सबब उरलेली नाही. आणि या मार्गावर कोणतीही नवी जलद गाडी सुरू करताना, तिच्यामुळे कोणत्या साध्या गाडीचा किती मिनिटे खोळंबा होणार, हे वेळापत्रकासोबत प्रसिद्ध करावे. ज्या दिवशी हा आकडा छापावा लागेल, त्या दिवसापासून वेळापत्रक आखणाऱ्याचा हात आपोआप जपून चालेल.

वाचकहो, ही कामे मागितल्याशिवाय होणार नाहीत. गावागावांतील प्रवासी संघटना, ग्रामपंचायती, शाळा-महाविद्यालये, आपल्या धर्मग्रामातील तरुण मंडळे यांनी एक साधे काम करावे. एका महिन्यात आपल्या स्थानकावर साधी गाडी किती वाजता यायला हवी होती आणि किती वाजता आली, याची रोज वहीत नोंद ठेवावी. ती कुणासाठी थांबवली गेली तेही लिहावे. महिन्याअखेर ती वही नांदेडच्या विभागीय कार्यालयाला आणि आपल्या लोकप्रतिनिधीला द्यावी, आणि तिची एक प्रत वृत्तपत्रांकडे पाठवावी. भाषणाला भाषणाने उत्तर देता येते. तारीखवार लिहिलेल्या वहीला उत्तर द्यायचे तर कामच करावे लागते. पुढच्या वेळी जालना स्थानकावर एखाद्या नव्या गाडीसाठी मंडप पडेल, तेव्हा मान्यवरांना हारतुरे द्यायला हरकत नाही. त्याबरोबर ती वहीही त्यांच्या हाती ठेवावी आणि दुसरा रूळ परतूरपर्यंत केव्हा पोहोचणार, हे त्याच मंडपात विचारावे.